अमेरिकेत वेदनाशामक औषधांचं रिफिल : काउंटरवर ‘नाही’ ऐकलं तर नेमकं कुठे अडलंय?

खलबत्ता

ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल या गोळ्या दर महिन्याला वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रार आपल्या फोरमच्या आरोग्य विभागातल्या दहा धाग्यांवर विखुरलेली दिसते. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. मी फार्मसिस्ट आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने लिहीन. नियम अमेरिकेतले. केंद्राचा कायदा सगळीकडे सारखा. राज्य त्याहून कडक नियम करू शकतं, आणि बहुतेक राज्यांनी कुठे ना कुठे केलेलेच आहेत.

‘आज मिळणार नाही’ या एका वाक्यामागे निरनिराळी कारणं असतात. माल नाही. तारीख आलेली नाही. इन्शुरन्सने क्लेम परत पाठवला. प्रिस्क्रिप्शनमध्ये काहीतरी चुकलंय. डॉक्टरांशी बोलायचंय. किंवा फार्मसिस्टला ते द्यायचंच नाहीये. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळ्या माणसाच्या हातात असतो. लोक कारण न विचारता डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावतात, तिथून नवं प्रिस्क्रिप्शन येतं, आणि मूळ अडचण तारखेची असेल तर आता एकाच औषधाची दोन प्रिस्क्रिप्शनं सिस्टिममध्ये लटकतात. मग कुठलं खरं, हे विचारायला आम्ही परत डॉक्टरांना फोन करतो. यात एक दिवस हमखास जातो.

तेव्हा काउंटरवरून हलण्याआधी एकच विचारा : नेमकं कशावर अडलंय, आणि ते कोण सोडवू शकतं?

आता शेड्यूल, म्हणजे गैरवापराच्या धोक्यानुसार केंद्राने लावलेली औषधांची वर्गवारी. या यादीत असलेली ती ‘कंट्रोल्ड’ औषधं. ऑक्सिकोडोन, मॉर्फिन, हायड्रोमॉर्फोन, फेंटानिल पॅच, टॅपेंटाडॉल, मेथाडोन आणि हायड्रोकोडोन हे सगळे शेड्यूल २ मध्ये. यांना रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध) नसतंच, दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन. हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्या (असिटामिनोफेन, म्हणजे पॅरासिटामॉल, वगैरे मिसळलेल्या) ६ ऑक्टोबर २०१४ पर्यंत शेड्यूल ३ मध्ये होत्या, म्हणून जुन्या रुग्णांना ‘पूर्वी फोनवर व्हायचं’ असं आठवतं. ते बरोबरच आहे. कोडीन-असिटामिनोफेनची गोळी आणि बुप्रेनॉर्फिनचा पॅच शेड्यूल ३. ट्रॅमाडॉल ऑगस्ट २०१४ पासून शेड्यूल ४. या दोन गटांना लिहिल्या तारखेपासून सहा महिने किंवा पाच रिफिल, जे आधी संपेल ते. प्रीगाबालिन शेड्यूल ५. गॅबापेंटिन केंद्राच्या यादीत नाही, पण केंटकीसारख्या काही राज्यांनी ते शेड्यूल ५ मध्ये घातलंय. सेलेकॉक्सिब, मेलॉक्सिकॅम, ड्युलॉक्सेटिन यांना यातलं काहीच लागू नाही.

---

निंबोणी

शेड्यूल २ ला रिफिल नाही म्हणजे दर महिन्याला डॉक्टरांची भेट घ्यायचीच का?

---

अबोली

मी पेन क्लिनिकमध्ये नर्स आहे, याचं उत्तर मी देते. केंद्राच्या नियमानुसार भेट दर महिन्याला लागत नाही. एकाच भेटीत डॉक्टर अनेक प्रिस्क्रिप्शनं देऊ शकतात, एकूण ९० दिवसांपर्यंतची. २००७ पासून ही सोय आहे. प्रत्येकावर लिहिल्याची तारीख त्या दिवसाचीच असते (पुढची तारीख घालून सही करता येत नाही) आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर ‘या तारखेआधी देऊ नये’ असं लिहायचं असतं. राज्याने किंवा क्लिनिकच्या धोरणाने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी.

गंमत इथे होते : ई-प्रिस्क्रिप्शनमध्ये या तारखेसाठी वेगळा रकाना आहे. काही ऑफिसं तो रिकामा ठेवून टिपेच्या जागेत तारीख टाइप करतात. काही दोन्हीकडे टाकतात आणि दोन तारखा जुळत नाहीत. मग फार्मसी थांबते, आणि त्यात तिची चूक नाही. भेट संपवून निघताना तीनही प्रिस्क्रिप्शनांच्या तारखा नर्सकडून वाचून घ्या, कॅलेंडरवर लिहा.

दुसरं, ३० ऐवजी २८ दिवसांचं लिहून मागा. २८ म्हणजे नेमके चार आठवडे, त्यामुळे दर वेळी वार तोच येतो. मंगळवार किंवा बुधवार बांधून घेतला की शनिवार-रविवारची कटकट मिटते. ३० दिवसांच्या चक्रात तारीख दर वेळी दोन वार पुढे सरकते आणि कधीतरी रविवारी पडतेच.

---

काउंटरमागे

२८ दिवसांना +१. टेक्निशियन म्हणून सांगते, नुसत्या या बदलाने निम्मे फोन कमी होतात. मात्र इन्शुरन्सचं वर्षाचं गणित बघा. २८ दिवसांनी वर्षाला १३ वेळा को-पे (रुग्णाचा वाटा) भरावा लागतो, १२ वेळा नाही.

---

राघू

फोन करून विचारलं तर औषध आहे की नाही तेही सांगत नाहीत. ‘प्रिस्क्रिप्शन पाठवा, मग बघू’. हा कुठला कायदा?

---

काउंटरमागे

कायदा नाही. दरोड्याच्या भीतीने बऱ्याच दुकानांनी स्वतःपुरता केलेला नियम आहे. ‘तुमच्याकडे ऑक्सिकोडोन आहे का’ असा निनावी फोन दिवसातून अनेकदा येतो आणि त्यातले काही फोन कशासाठी असतात हे आम्हाला ठाऊक असतं.

प्रश्न बदलून बघा. आधी प्रिस्क्रिप्शन पोहोचू द्या. मग नाव आणि जन्मतारीख सांगून विचारा : ‘हे आलंय का? आज पूर्ण संख्या भरता येईल का? नसेल तर ऑर्डर कधी लागेल आणि कधी येईल?’ समोर प्रोफाइल उघडलेलं असलं की उत्तर मिळतं. आणि फोन सकाळी उघडल्या उघडल्या नको, संध्याकाळी पाच ते सातही नको. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास-दोन तास बरा.

शेड्यूल २ ची ऑर्डर इतर मालासारखी लागत नाही. डीईएचा (केंद्राच्या अमली औषध-नियंत्रण संस्थेचा) फॉर्म २२२ किंवा त्याची इलेक्ट्रॉनिक पद्धत लागते, त्यावर ठराविक अधिकृत माणसाचीच सही चालते, आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर असेल तर ऑर्डर तशीच पडून राहते. माल वेगळ्या सीलबंद खोक्यात येतो. शनिवार-रविवारी तो बहुधा येतच नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी आलेलं प्रिस्क्रिप्शन, माल नसेल तर, मंगळवारवर जातं. प्रिस्क्रिप्शन देय तारखेच्या तीन कामकाजी दिवस आधी फार्मसीत पोहोचवा. तारीख यायच्या आधी देणार नाहीत, पण माल मागवून ठेवता येतो.

---

खलबत्ता

यात एक भर. कधी कधी वितरकाकडे माल असूनही आमच्या दुकानाला मिळत नाही. प्रत्येक फार्मसीने कंट्रोल्ड औषध किती घ्यावं याची मर्यादा वितरक ठरवतात, आणि २०२१-२२ मध्ये तीन मोठ्या वितरकांची राज्यांशी ओपिऑइडच्या (मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या) खटल्यात जी तडजोड झाली, त्यानंतर ही देखरेख आणखी घट्ट झाली. मर्यादेला पोहोचलो की ऑर्डर अडते, आणि मर्यादेचा आकडा आम्हाला आधी सांगितला जात नाही. महिनाअखेरीला ‘माल नाही’ जास्त ऐकू येतं त्याचं हेही एक कारण. शिवाय देशात वर्षभरात किती तयार व्हावं याचा कोटा डीईए ठरवते.

फार्मसी नवे रुग्ण का नाकारते, याचंही उत्तर पुष्कळदा हेच. बांधलेल्या रुग्णांना पुरेल एवढाच माल येतो. तेव्हा एकच फार्मसी धरून ठेवा आणि बाकीची साधी औषधंही, रक्तदाबाची, थायरॉइडची, तिथूनच घ्या. फक्त शेड्यूल २ पुरतं येणारा रुग्ण आणि सगळी औषधं तिथेच घेणारा रुग्ण यांच्याकडे पाहण्यात फरक पडतो. मला हे आवडत नाही, पण पडतो.

---

मुसाफिर

> माल नाही

मग जेवढ्या आहेत तेवढ्या द्या, उरलेल्या नंतर नेतो, असं चालतं का?

---

खलबत्ता

चालतं, पण मागणी कोणाकडून आली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि हे खुद्द फार्मसीतही सगळ्यांना नीट माहीत नसतं.

समजा १२० गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन आहे आणि शेल्फवर ४० आहेत. फार्मसीकडे पुरेशा नाहीत म्हणून ४० दिल्या, तर उरलेल्या ८० द्यायला ७२ तास मिळतात. तेवढ्यात माल आला नाही तर उरलेला भाग रद्द होतो, फार्मसीने डॉक्टरांना कळवायचं असतं, आणि त्या ८० साठी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. शुक्रवारी ४० घेतल्या आणि माल मंगळवारी आला की गेलंच.

पण २०१६ च्या ‘कारा’ कायद्याने दुसरी वाट दिली. रुग्णाने किंवा डॉक्टरांनी स्वतः थोड्या मागितल्या, तर उरलेल्या गोळ्या लिहिल्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत घेता येतात, राज्याची हरकत नसेल तर. याचे तपशीलवार नियम डीईएने २०२३ मध्ये काढले. दीर्घकालीन काळजीगृहातले आणि मरणासन्न रुग्ण यांच्यासाठी ही मुदत ६० दिवस आहे.

म्हणून माल कमी असल्याचं कळलं तर गोळ्या हातात घेण्याआधी विचारा, की हे कुठल्या नियमाखाली नोंदवताय? माल सोमवारी दुपारपर्यंत नक्की येणार असेल तर ७२ तास पुरतात. शंका असेल तर पूर्ण साठा असलेली दुसरी फार्मसी शोधणं बरं, कारण एकदा थोड्या गोळ्या घेतल्या की उरलेलं प्रिस्क्रिप्शन हलवता येत नाही.

---

मुसाफिर

आणि मुळात काहीच दिलेलं नसेल तर हलवता येतं?

---

खलबत्ता

हो. २८ ऑगस्ट २०२३ पासून, एकदाही न भरलेलं ई-प्रिस्क्रिप्शन, शेड्यूल २ चं सुद्धा, एका फार्मसीतून दुसरीकडे एकदा पाठवता येतं. एकदाच. दुसरीकडेही माल नसेल तर तिसरीकडे नाही. कागदी असेल तर हा प्रश्नच नाही, कागद परत घ्या आणि दुसरीकडे न्या. ही सोय राज्याच्या कायद्यात बसायला लागते, आणि सगळ्या दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून ती नाही, त्यामुळे ‘होत नाही’ असं उत्तर मिळू शकतं. मग डॉक्टरांकडून पहिलं रद्द करून नवं पाठवणं हाच उपाय. रद्द केल्याची खात्री करा. नुसतं नवं पाठवलं आणि जुनं तसंच राहिलं, तर दोन ठिकाणी भरायचा प्रयत्न केल्यासारखं दिसतं.

शेड्यूल ३ ते ५ ची उरलेली रिफिलंही साधारणपणे एकदाच हलवता येतात. एकाच साखळीच्या, एकच चालू डेटाबेस वापरणाऱ्या दुकानांमध्ये मात्र रिफिल संपेपर्यंत.

---

हिशेबनीस

इन्शुरन्सचा भाग राहिला. माझं काम तेच, म्हणून जरा लांबण लावतो.

क्लेम परत येताना त्याबरोबर एक क्रमांक येतो. तो टेक्निशियनला विचारा, ती सांगते. ७९ म्हणजे ‘फार लवकर’. ७५ म्हणजे पूर्वपरवानगी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन हवं. ७६ म्हणजे योजनेची मर्यादा ओलांडली, बहुतेक वेळा गोळ्यांची संख्या. ७० म्हणजे हे औषध यादीतच नाही. ८८ म्हणजे सुरक्षिततेची तपासणी आडवी आली, उदाहरणार्थ ओपिऑइडबरोबर झोपेची किंवा चिंतेवरची गोळी. ७९ वर डॉक्टरांना त्रास देऊन उपयोग नाही, ७५ वर फार्मसिस्टशी भांडून उपयोग नाही.

पण सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो डेज सप्लायवर, म्हणजे दिलेला साठा किती दिवसांचा मानायचा यावर. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. डॉक्टरांनी लिहिलं : ऑक्सिकोडोन ५ मिलिग्रॅम, १ ते २ गोळ्या, दर ४ ते ६ तासांनी, लागल्यास, १२० गोळ्या. रुग्ण प्रत्यक्षात दिवसाला चार घेतो, म्हणजे महिन्याच्या. पण फार्मसीने नियमाने सर्वाधिक शक्य डोस धरायचा : २ गोळ्या दर ४ तासांनी, दिवसाला १२. १२० भागिले १२, साठा दहा दिवसांचा. आता दिवसाचे ६० मिलिग्रॅम झाले, ओपिऑइडची ताकद मॉर्फिनच्या तुलनेत मोजतात, ऑक्सिकोडोनचा गुणक १.५, म्हणजे मॉर्फिनच्या मापात ९० मिलिग्रॅम. बहुतेक योजनांची घंटा ९० वर वाजते. खरा डोस २० मिलिग्रॅम, म्हणजे मॉर्फिनच्या मापात ३०! रुग्ण एका गोळीनेही जास्त घेत नाही आणि कागदावर तो मोठ्या डोसचा रुग्ण झाला. राज्याच्या कंट्रोल्ड औषधांच्या नोंदवहीतही तेच चढतं.

यावर उपाय चार शब्दांचा : ‘दिवसाला जास्तीत जास्त ४’. एवढं डॉक्टरांनी सूचनेत घातलं की साठा ३० दिवसांचा होतो.

बाकीचे गुणकही देऊन ठेवतो (सीडीसी, म्हणजे केंद्राची रोगनियंत्रण संस्था, २०२२) : हायड्रोकोडोन १, मॉर्फिन १, ट्रॅमाडॉल ०.२, टॅपेंटाडॉल ०.४, हायड्रोमॉर्फोन ५, फेंटानिल पॅच ताशी मायक्रोग्रॅमला २.४. हे आकडे फक्त क्लेम समजून घेण्यासाठी आहेत. एक औषध बंद करून दुसरं सुरू करताना हा गुणाकार वापरायचा नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

---

अबोली

शेवटच्या दोन वाक्यांखाली जाड रेघ मारा.

---

निंबोणी

७९ साठी किती दिवस आधी चालतं? एकीकडे २६ वा दिवस म्हणतात, एकीकडे २८ वा.

---

हिशेबनीस

दोन्ही बरोबर, कारण कुलपं दोन आहेत. इन्शुरन्सचं कुलूप टक्क्यांवर चालतं. कंट्रोल्ड औषधाला ८५ टक्के साठा संपायला हवा अशी अट असेल, तर ३० दिवसांचे २५.५, म्हणजे २६ व्या दिवशी क्लेम पास. योजनेनुसार टक्का बदलतो. फार्मसीचं स्वतःचं धोरण त्याहून कडक असतं, बरेचदा फक्त एक-दोन दिवस आधी. ‘इन्शुरन्सने पास केलंय, मग तुम्ही का अडवता’ हा वाद तिथूनच सुरू होतो.

आणखी एक गोष्ट. दर वेळी दोन दिवस आधी घेतलेल्या गोळ्या जमा धरल्या जातात. १ जानेवारीला ३० दिवसांच्या घेतल्या, त्या ३० तारखेपर्यंतच्या. दुसऱ्या २९ जानेवारीला घेतल्या. हातात दोन दिवस शिल्लक आहेत, तेव्हा दुसरा साठा ३१ जानेवारी ते १ मार्च चालतो (लीप वर्ष नसताना) आणि पुढची खरी देय तारीख २ मार्च. पण रुग्ण २९ जानेवारीपासून मोजतो आणि २६ फेब्रुवारीला येतो. त्याच्या लेखी दोन दिवस आधी, सॉफ्टवेअरच्या लेखी चार दिवस आधी. घरी मोजायचं तर मागच्या खेपेच्या तारखेवरून मोजू नका, पहिल्या साठ्यापासून धरा.

---

राघू

मग सरळ रोख पैसे देऊन घ्यावं ना, इन्शुरन्सची भानगडच नको.

---

खलबत्ता

तारीख आलेली नसताना रोख देऊ करणं, ही फार्मसिस्टच्या डोळ्यात सगळ्यात आधी भरणारी गोष्ट आहे. शिवाय रोखीने घेतलेलं लपत नाही. पीडीएमपी, म्हणजे राज्याची कंट्रोल्ड औषधांची नोंदवही, तिच्यात पैसे कसे दिले तेही चढतं. या नोंदवह्या आता सगळ्या राज्यांत आहेत. मिसूरी शेवटचं, तिथे कायदा २०२१ मध्ये झाला. पूर्वपरवानगी यायला वेळ लागतोय आणि तारीख झालेली आहे, अशा वेळी रोख देण्यात गैर काही नाही. तेव्हा कारण बोलून दाखवा : ‘परवानगीचा अर्ज गेलाय, तोवर पाच दिवसांच्या गोळ्या रोखीने हव्यात.’ मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असेल तर मात्र काही राज्यांत रोख घ्यायला फार्मसीलाच मनाई आहे.

---

मुसाफिर

पूर्वपरवानगीला किती वेळ? आठवडा आठवडा ऐकतोय.

---

अबोली

मेडिकेअर पार्ट डी ला (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा औषधांचा भाग) कायद्याने ७२ तास, आणि डॉक्टरांनी ‘तातडीचं’ म्हणून पाठवलं तर २४ तास. खाजगी योजनांचं आपापलं. पण घड्याळ सुरू होतं ते अर्ज पोहोचल्यावर, आणि आठवडा जातो तो त्याच्या आधी. फार्मसी फॅक्स करते, आमच्याकडे तो फॅक्स चार डॉक्टरांच्या गठ्ठ्यात जातो, कुणीतरी गुरुवारी बघतं.

खलबत्ता, तुमच्याकडच्या फॅक्सवर पुष्कळदा रिजेक्टचा क्रमांकही नसतो, तेव्हा दोष सगळा आमचा धरू नका.

रुग्णाने करायचं ते असं. ७५ ऐकलं की त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून औषधाचं नाव, ताकद, संख्या, इन्शुरन्स कार्डावरचे बिन (क्लेम कुठे जातो तो क्रमांक) आणि सदस्य क्रमांक सांगायचे आणि ‘तातडीचं म्हणून पाठवा’ असं म्हणायचं. आधी कुठली औषधं, किती डोसने, किती काळ घेतली आणि ती का बंद झाली, याची यादी तयार ठेवा. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक या रकान्यावर. ‘इबुप्रोफेन चाललं नाही’ एवढं पुरत नाही. ‘नॅप्रॉक्सेन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे, क्रिएटिनिन वाढल्यामुळे बंद’ असं हवं. मंजुरी मिळाली की तिची शेवटची तारीख विचारून घ्या. ती सहा महिन्यांची किंवा वर्षाची असते आणि संपल्याचं कुणी कळवत नाही. जानेवारीत योजना बदलली तर जुनी मंजुरी गेली म्हणून समजा.

---

निंबोणी

फार्मसिस्टने ‘मी देणार नाही’ म्हटलं तर? डॉक्टरांनी लिहिलेलं नाकारायचा त्याला अधिकार आहे का?

---

खलबत्ता

आहे. नुसता अधिकार नाही, जबाबदारी आहे. प्रिस्क्रिप्शन खऱ्या वैद्यकीय कारणासाठी आहे याची जबाबदारी डॉक्टरांइतकीच फार्मसिस्टवरही केंद्राचा नियम टाकतो. रुग्ण, डॉक्टर आणि फार्मसी एकमेकांपासून लांब असणं, अनेक डॉक्टर, ओपिऑइड अधिक बेंझोडायझेपिन (चिंतेवरची, झोपेची गोळी) अधिक कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैलावणारी गोळी) हे त्रिकूट, दर खेपेला लवकर येणं, हे दिसलं की आम्ही थांबतो. थांबणं म्हणजे नकार नव्हे. डॉक्टरांना फोन करून निदान आणि उपचाराची दिशा विचारली, उत्तर समाधानकारक आलं, की ते नोंदवून औषध देतो. म्हणून प्रिस्क्रिप्शनवर निदानाचा आयसीडी-१० क्रमांक असला की फोनच वाचतो. फ्लोरिडात तर वेदना तीव्र, म्हणजे तात्पुरती, नसेल तर तसं शेड्यूल २ च्या ओपिऑइडच्या प्रिस्क्रिप्शनवर लिहावंच लागतं. न लिहिलं तर तीव्र समजतात, आणि तीव्र वेदनेला तिथे साधारण तीन दिवसांची मर्यादा आहे.

काही फार्मसिस्ट अजून सीडीसीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेतले आकडे कायदा असल्यासारखे वापरतात. ते कायदा कधीच नव्हते. २०२२ च्या आवृत्तीत तर स्पष्ट लिहिलंय की हे आकडे ताठर मर्यादा म्हणून वापरू नयेत. कर्करोग, सिकलसेल आणि पॅलिएटिव्ह काळजीचे रुग्ण त्या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहेत. असं निदान असेल तर प्रिस्क्रिप्शनवर शब्दात लिहून घ्या.

ठाम नकार आला तर वाद न घालता दोन गोष्टी मागा : कारण, आणि प्रिस्क्रिप्शन दुसरीकडे पाठवणं किंवा रद्द करणं. ‘नाही’ म्हणून ते तसंच धरून ठेवलं तर राज्याच्या बोर्ड ऑफ फार्मसीकडे तक्रार करता येते.

---

अबोली

गोळ्या संपत आल्या असतील तर काय, हे लिहायलाच हवं.

रोज घेतली जाणारी ओपिऑइड एकदम थांबवू नये. अचानक बंद करण्याबद्दल आणि डोस झपाट्याने उतरवण्याबद्दल एफडीएने (केंद्राच्या औषध-नियामक संस्थेने) एप्रिल २०१९ मध्ये इशारा दिलाय. कमी वेळ टिकणाऱ्या गोळीचं विड्रॉअल (औषध तुटल्याचा त्रास) ८ ते २४ तासांत सुरू होतं : घाम, जांभया, पोटात मुरडा, जुलाब, झोप नाही. म्हणून तीन-चार दिवसांचा साठा उरला असतानाच क्लिनिकला कळवा, ‘किती गोळ्या उरल्यात आणि शेवटची कधी संपेल’ असं नेमकं सांगून. नर्सला तारीख कळली की ती क्रम लावू शकते.

पुरवून पुरवून वापरायच्या नादात दीर्घकाळ टिकणारी, ईआर लिहिलेली गोळी तोडू किंवा कुटू नका, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. मिश्र गोळी कमी पडली म्हणून वर टायलेनॉल (तेही असिटामिनोफेनच) घेताना आधीचं असिटामिनोफेन मोजा. एका गोळीत ते ३२५ मिलिग्रॅमपर्यंत असतं आणि सगळं मिळून दिवसाला ४००० च्या वर जायचं नाही. यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर मर्यादा याहून बरीच खाली. कुणा दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, बॅक्लोफेन हेही एकदम बंद करायचे नाहीत, आकडी येऊ शकते.

आणि चार-पाच दिवस खंड पडला असेल, तर गोळ्या हाती आल्यावर जुना डोस तसाच सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. सहनशक्ती उतरलेली असते आणि श्वास मंदावू शकतो. ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलॉक्सोनचा नाकातला फवारा मार्च २०२३ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला परवानगी आहे, घरात ठेवा, आणि तो कसा मारायचा हे घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवा.

---

राघू

शनिवारी रात्री संपल्या, क्लिनिक बंद. ऑन-कॉल डॉक्टर फोनवर सांगू शकतात का फार्मसीला?

---

खलबत्ता

खऱ्या आणीबाणीत, हो. शेड्यूल २ साठी डॉक्टर तोंडी सांगू शकतात, पण फक्त आणीबाणीच्या काळापुरत्या गोळ्यांचं, आणि सात दिवसांत त्याचं रीतसर प्रिस्क्रिप्शन फार्मसीत पोहोचायला हवं. ते आलं नाही तर आम्हाला डीईएला कळवावं लागतं, त्यामुळे अनोळखी डॉक्टरांसाठी कुणी तयार होत नाही. ऑन-कॉल डॉक्टरांकडे ई-प्रिस्क्रिप्शनचं टोकन (ओळख पटवायचं साधन) असेल तर फोनपेक्षा तेच सोपं.

---

मुसाफिर

सहा आठवडे भारतात जायचं असेल तर? तिथे ट्रॅमाडॉल सहज मिळतं म्हणे.

---

हिशेबनीस

‘सहज’ जुनं झालं. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल तिथेही एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आणि तिथून पोस्टाने इकडे मागवणं तर अजिबात नको, कस्टम्समध्ये अडकतं आणि बेकायदा आहे.

प्रवासासाठी व्हेकेशन ओव्हरराइड, म्हणजे तारखेआधी औषध घेण्याची खास परवानगी, मागतात. इन्शुरन्स, डॉक्टर आणि फार्मसी तिघांचीही तयारी लागते. शेड्यूल २ असेल तर ‘या तारखेआधी देऊ नये’ ही तारीख डॉक्टरांनीच बदलून पाठवावी लागते, इन्शुरन्सने होकार देऊन भागत नाही. निघायच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. काही योजना वर्षातून एकदाच देतात, काही कंट्रोल्डला देतच नाहीत. गोळ्या फार्मसीच्या लेबलच्या बाटलीतच न्या, हातातल्या बॅगेत, बरोबर डॉक्टरांचं पत्र.

---

काउंटरमागे

घ्यायला दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर त्याचं फोटो ओळखपत्र लागेल, आणि रुग्णाचा पत्ता व जन्मतारीख त्याला पाठ हवी. गोळ्या काउंटरवरच मोजून घ्या, आमच्या समोर. शेड्यूल २ आम्ही दोनदा मोजतो, पण घरी गेल्यावर ‘चार कमी आहेत’ म्हटलं तर त्यावर आम्हाला काही करता येत नाही.